पंचमीचा तवा

सकाळी चहा टाकायला स्वयंपाकघरात आले तर खिळ्यावर तवा नव्हता. भिंतीवर त्याच्या आकाराचा काळपट गोल तेवढा राहिला होता. विळी जागेवर नव्हती, चाकू नव्हता, बटाट्याची सोलणीसुद्धा नव्हती. आधी वाटलं चोर आला. मग वाटलं, अंबरपेठेतला चोर पितळी समई सोडून सोलणी कशाला नेईल? वळून बघते तर दारात सासूबाई. चतुराबाई. ऐंशीच्या घरातली बाई, पण उभी राहिली की दार भरतं. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "आज पंचमी हाय." म्हटलं, "माहीत आहे." "म्हनून उचलून ठिवलं समदं. या घरात अजून एक भाऊ हाय, रेणुके. माज्या सुनंदाचा." एवढं बोलून त्या देवापुढे जाऊन बसल्या आणि लाह्या निवडू लागल्या. चहासाठी ठेवलेलं दूध उतू जाऊन गॅसवर सांडलं, बर्नर विझला, तरी मी तशीच उभी. अजून एक. म्हणजे पहिला माझ्यामुळे गेला, आणि आता दुसरा माझ्यापासून सांभाळायचा आहे.

ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांना हे खुळ्यासारखं वाटेल. आम्ही मूळचे नांदेडकडचे. निजामाच्या राज्यात होतो तेव्हापासून आमच्या लोकांचं हैदराबादला येणं-जाणं. पुढे शेतं सुटली, नोकऱ्या लागल्या, इथेच घरं झाली, पण पंचमी बरोबर आली. नागपंचमीला आमच्याकडे काही चिरायचं नाही, भाजायचं नाही, तळायचं नाही. तवा चढवायचा नाही. जे काय करायचं ते उकडून. आदल्या दिवशी, चतुर्थीला, बहिणीने भावासाठी उपास धरायचा, आणि पंचमीला सुरी-तव्याला शिवायचं नाही. शिवलं तर ते भावाला बाधतं. का बाधतं हे कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नाही. परकर-पोलक्यात होते तेव्हापासून अंबाजीसाठी उपास धरत आले. तो माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. उपासाच्या दिवशी मुद्दाम माझ्यासमोर बसून चिवडा खायचा आणि म्हणायचा, "आक्का, मला शंभर वर्षं नक्को, ऐंशी बस. खा तू थोडं." असा भाऊ. काल चतुर्थी झाली. मी शाळेच्या ऑफिसात नोकरीला आहे. दुपारी सगळ्याजणी डबे उघडून बसल्या, मी म्हटलं, आज माझा उपास. म्हटलं आणि मग लक्षात आलं की कोणासाठी? सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, सवयीने धरला गेला होता, आणि तो पोचवायला आता माणूस नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या तेलुगू बाईने डब्याचं झाकण पुढे केलं, चिंचेचा भात होता. मी खाल्ला. खाताना रडू आलं नाही, राग आला. कोणाचा ते काल कळत नव्हतं. आज सकाळी रिकाम्या खिळ्याकडे बघताना कळलं.

गेल्या वर्षीची पंचमी. सासूबाई दिलसुखनगरला, माझ्या नणंदेकडे, सुनंदाताईंकडे, गेल्या होत्या. अंबाजी मलकपेठेतल्या एका औषधांच्या दुकानात रात्रपाळी करायचा आणि आठवड्यातून एकदोनदा सकाळी माझ्याकडे होऊन मग घरी जायचा. त्या दिवशी आला तो दारातच चपला फेकून. "आक्का, जीव चाललाय भुकेनं. कुछ तो बी टाक तव्यावर." म्हटलं, अरे पंचमी आहे, पुरणाची दिंडं उकडते, बस थोडा. तर फ्रीजवर हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "ज्याच्यासाठी पाळायलीस त्यालाच उपाशी मारायलीस की." मला हसू फुटलं. खरंच होतं ते. मी बटाटे घेतले, चिरले, तवा चढवला. भिडले ते दोघं. दोघं म्हणजे अंबाजी आणि आमचे हे. नामदेवराव. त्यांनाही ऑफिसला जायचं होतं, वासाने बाहेर आले, पंचमीचं त्यांच्या ध्यानातही नसावं, किंवा असेल. तव्याभोवती बसले, ताटल्यासुद्धा घेतल्या नाहीत. तळाची करपलेली पापडी कोणी खायची यावरून भांडले, चाळिशी-पन्नाशीतले दोन बाप्ये. अंबाजीने उलथन्याने खरवडून अर्धी त्यांच्या पुढे सारली, "घ्या भावजी, तुमचं नशीब." संध्याकाळी सासूबाई परत आल्या, धुऊन पालथा घातलेला तवा बघितला, विचारलं. मी म्हटलं, अंबाजी आला होता, भुकेला होता. तेवढंच म्हटलं. त्यांनी नागाला म्हणून दारात वाटीभर दूध ओतलं.

दसरा झाला आणि अंबाजी गेला. दुकानातच, काउंटरमागच्या स्टुलावर बसल्या बसल्या. महिनाभर छातीत दुखत होतं म्हणे. औषधं विकणारा माणूस, आपल्याच हाताने गॅसची गोळी घ्यायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. त्याच्या बायकोला, भामाला, सांगितलं नव्हतं, मला नव्हतं. डॉक्टरने सगळं समजावलं, नळ्या किती तुंबल्या होत्या ते कागदावर चित्र काढून दाखवलं. मला कळलं. खरंच कळलं होतं. आणि मग दहाव्याला, बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, तिथे सासूबाई कोणाशी नव्हे, समोरच्या हवेशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "पंचमीला तवा ठिवला हुता हिनं." सगळ्याजणींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि भामानेही. तिचं ते बघणं मी विसरलेले नाही. त्यानंतर ती माझा फोन उचलत नाही. संक्रांतीला मी तिच्याकडे तिळगूळ घेऊन गेले तर तिने दार उघडलं, घेतला, आणि आत ये म्हणाली नाही.

दहा महिने. या दहा महिन्यांत मी काय झाले ते फक्त मला माहीत आहे. दिवसा ऑफिसात मुलांची हजेरी कॉम्प्युटरवर चढवणारी, डॉक्टरचं चित्र समजलेली शहाणी बाई. आणि घरी कोथिंबीर निवडून सुरी हातात घेतली की हात थबकायचा. मनात पुन्हा पुन्हा तेच चालायचं. दिंड उकडायला किती वेळ लागला असता? अर्धा तास? तेवढा तो थांबला असता. मी त्याला दाणे-गूळ दिला असता. मी नाही म्हटलं असतं तर तो रुसला असता, पण असता. हे "असता" माझ्या मागे बाजारात यायचं, बसमध्ये यायचं. बेगम बाजारात मसाले घ्यायला गेले तर लाल मिरचीच्या पोत्यांमध्ये उभी राहून मी ठसक्याच्या निमित्ताने रडून घेतलं. आणि सगळ्यात वाईट हे, की मला कधी कधी खात्री पटायची. मीच केलं. मी हसले, आणि तवा चढवला, आणि केलं. मग त्याच्या मागोमाग दुसरा विचार यायचा, तो मात्र मी कोणाला बोलून दाखवला नाही: त्या तव्यातलं यांनीही खाल्लं होतं. तेही कोणाचे तरी भाऊ आहेत. ते तर ठणठणीत आहेत, सकाळी फिरायला जातात, संध्याकाळी बातम्या बघतात. मग?

मला त्यांच्याकडून एकच वाक्य हवं होतं. आईसमोर, बहिणीसमोर: मीपण खाल्लं होतं. बस. मी सांगितलं तर ती सारवासारव झाली असती, सून आपला दोष झटकते आहे असं झालं असतं. त्यांनी सांगितलं असतं तर ती साक्ष. दहाव्याहून परत येताना स्कूटरवर मागे बसून मी त्यांच्या कानाशी म्हटलं होतं, "तुम्ही सांगा ना आईंना." हेल्मेटमधून ऐकू गेलं की नाही कोण जाणे, म्हणून घरी आल्यावर पुन्हा म्हटलं. ते चपला काढत होते. म्हणाले, "जाऊ दे गं. म्हातारी आहे." मला वाटलं आईला घाबरतात. सगळे घाबरतात, हे जरा जास्त. पण त्यानंतर कधीही सासूबाईंनी आडून काही टाकलं, "तवा" हा शब्द नुसता आला, की ते उठून गॅलरीत जायचे. माणूस एवढा कसा भित्रा, असं मी मनात म्हणायचे. नवऱ्याला मनात काय काय म्हणतो आपण, ते लिहून काढलं तर संसार उभे राहणार नाहीत.

मी गॅस पुसला, चहा नव्याने टाकला, सासूबाईंना नेऊन दिला. त्यांनी घेतला. मग मी त्यांच्या खाटेखाली वाकले. मला माहीतच होतं, या घरातली लपवलेली प्रत्येक वस्तू त्या खाटेखालीच असते. जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं ओढलं तर आत सगळं, तवा, विळी, चाकू, सोलणी. "रेणुके, ठिव ते." मी गाठ सोडली. "रेणुके, आज न्हाई. उद्या घे. उद्या मीच काढून देते." आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि तो ऐकून मी क्षणभर थांबले. त्या बाईने मला कधी विनवलं नव्हतं. पण तिने दहा बायकांत जे म्हटलं तेही कधी परत घेतलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, मी उद्यापर्यंत थांबले तर मी केलं असं होईल." त्यांना ते कळलं नाही. मला तरी ते म्हणेपर्यंत कुठे कळलं होतं.

बटाटे मोठे घेतले. खाली गल्लीत गाडीवाला "आलूगड्डा, उल्लीगड्डा" ओरडत चालला होता. मी मनात म्हटलं, आहेत माझ्याकडे दोन्ही, बटाटे आणि कांदे. सालं काढली नाहीत, नुसते घासून धुतले. पहिला बटाटा पाटावर ठेवला, चाकू टेकवला आणि हाताला खरंच घाम सुटला. खोटं कशाला सांगू? भाऊ उरलेला नव्हता तरी सुटला. मग कापला. दोन फाका झाल्या, आत पांढरा, ओला, बाकी काही नाही. मग दुसरा, तिसरा. जाड चौकोनी फोडी, पाण्यात टाकून पिठूळपणा काढला, फडक्यावर घेऊन कोरड्या केल्या. ओल्या फोडी तव्यात टाकल्या की त्या शिजतात, खरपूस होत नाहीत, हे मला अंबाजीनेच शिकवलं. त्याला खाण्यातलं सगळं यायचं, करण्यातलं काही नाही. तवा खोलगट आहे, जड लोखंडी. तो तापायला वेळ घेतो. त्याच्यावर पाण्याचा थेंब नाचला तेव्हा शेंगदाण्याचं तेल सोडलं, चांगलं सढळ हाताने, मोहरी, कढीपत्ता, ठेचलेला लसूण. फोडी पसरल्या आणि हात मागे घेतला. त्यांना हलवायचं नसतं. हाच सगळा त्या पदार्थाचा जीव आहे. माणसाला दम नसतो, सारखं उलथनं घालतो, मग चिखल होतो. मी उभी राहिले. चर्र आवाज आधी मोठा होता, मग बारीक झाला, कडा तांबूस दिसायला लागल्या. वास घरभर गेला, जिन्यात गेला असणार, वरच्या मजल्यावरची तेलुगू मंडळी वारुळाला दूध घालायला निघाली होती त्यांच्याही नाकात गेला असणार. जाऊ दे. दहा महिने मी या घरात पावलं न वाजवता चालत होते. आता वाजू दे. वरून कांदा टाकला, मिरच्या, येसूर मसाला चिमूटभर, जाडसर दाण्याचं कूट. अंडी फोडून घालायची असतात यावर, पण श्रावणात अंडी घरात येत नाहीत. तो नियम आज मोडला नाही, कारण अंडीच नव्हती.

सुनंदाताई आल्या तेव्हा मी फोडी उलटत होते. दरवर्षी पंचमीला सकाळीच येतात, भावाला ओवाळून मग उपास सोडतात. दारातच त्यांना वास आला. हातातली पिशवी तशीच धरून स्वयंपाकघरात आल्या, तव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "वहिनी, हे काय करायलात तुम्ही?"

"बटाटे."

"आज?"

"आज भूक लागली."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांचे ओठ सुकलेले होते, कालपासून पाण्यावर होत्या, आणि डोळ्यांत जे होतं ते मी ओळखलं. ते मी दहा महिने आरशात बघत होते. "तुमचं झालं ते झालं वहिनी," त्या म्हणाल्या, "पण मला एकच भाऊ आहे हो. गॅस बंद करा. मी पाया पडते तुमच्या." आणि त्या खरंच वाकल्या. मी पाय मागे घेतले. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी संतापही आला. म्हटलं, "सुनंदाताई, माझा भाऊ नळ्या तुंबून गेला. तो तव्याने गेला नाही. मी त्याला जेवू घातलं. भुकेल्याला जेवू घातलं, एवढंच मी केलं." माझाच आवाज मला नवा वाटला. मागून, देवापुढे बसल्या जागेवरून, सासूबाई म्हणाल्या, "गेला न्हवं पन? गेलाच की." गेलाच की.

तेवढ्यात हे फिरून आले. टी-शर्ट घामाने चिकटलेला, हातात दुधाची पिशवी. तिघींना तसं बघून दारातच थांबले. सुनंदाताईंनी धावत जाऊन त्यांचा दंड धरला, "दादा, तू बाहेर जा. हे उतरेपर्यंत घरात येऊ नको." त्यांनी तव्याकडे बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी काही बोलणार नव्हते. मी दहा महिने वाट बघितली होती, अजून थोडी बघितली असती. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि ते म्हणाले, "मीपण खाल्लं होतं."

"काय?" सासूबाई म्हणाल्या.

"गेल्या पंचमीला. याच तव्यातलं. अंबाजीबरोबर बसून."

झालं. आलं ते वाक्य. माझ्या छातीवरून काहीतरी उतरेल असं मला वाटलं होतं, मी त्याची तयारी करून उभी होते. पण झालं भलतंच. सासूबाई उठल्या, कशा उठल्या कोण जाणे, त्यांच्याकडे गेल्या, दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं, "तू बी? आरं नामदेवा, तू बी?" आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडायला लागल्या. सुनंदाताई रडायला लागल्या. दोन भावांनी खाल्लं, एक गेला, एक समोर उभा आहे, म्हणजे तवा निर्दोष. असा विचार त्या खोलीत माझ्याशिवाय कोणीच करत नव्हतं. त्यांच्या लेखी एक गेला होता आणि दुसऱ्याचं अजून व्हायचं होतं. आणि मग मी यांच्याकडे बघितलं आणि मला दिसलं की तेही तोच विचार करत आहेत. आज नव्हे. दहा महिने.

"म्हणून बोलला नाहीत?" मी विचारलं.

ते खाली बघत म्हणाले, "दोनदा ईसीजी काढून आलो. ऑफिसातून परस्पर."

"काय निघालं?"

"काही नाही."

"मग?"

"मग काही नाही. तरी रात्री झोपताना वाटतं." त्यांनी हात छातीशी नेला आणि मध्येच खाली घेतला. "बोललो तर खरं होईल असं वाटायचं."

मी या माणसाला आईला भिणारा समजत होते. तो माझ्या बटाट्यांना भीत होता. आम्ही एका खोलीत झोपायचो. मी या कुशीवर तवा चढवल्याचं मनात घोळवत, ते त्या कुशीवर तव्यातलं खाल्ल्याचं, आणि मध्ये पंखा फिरायचा. मला हसू आलं नाही. मला अंबाजीची इतकी आठवण आली की डोळ्यांपुढचा तवा दिसेना. तो असता तर या तिघांनाही हसवून मोकळा झाला असता. पण तो नव्हता, आणि आता जे काय करायचं ते मलाच करायचं होतं, आणि विनोदाशिवाय.

मी गॅस बंद केला. तवा तसाच चिमट्याने उचलून टेबलावर लाकडी पाटावर ठेवला. ताटल्या घेतल्या, चार. चारही मांडल्या. सासूबाई म्हणाल्या, "नामदेवा, ऊठ, भाईर चल." ते बसलेलेही नव्हते. सुनंदाताई भिंतीला टेकून तोंडावर पदर घेऊन उभ्या होत्या. ते माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी सांगेन म्हणून. लग्न झाल्यापासून या माणसाला मी "खा ना", "घ्या ना", "अजून थोडं" असं म्हणत आले. आज म्हणायचं नाही असं मी ठरवलं. खाल्लं तर त्यांनी खाल्लं, नाही खाल्लं तर नाही. पण पुन्हा या घरात कोणाच्या मरण्या-जगण्याचं उलथनं माझ्या हातात नाही. मी खुर्ची ओढून बसले, वाढून घेतलं आणि खायला लागले. फोडी आतून मऊ होत्या, बाहेरून कुरकुरीत, लसूण थोडा जास्त लागला होता. मला भूक होती. कालची, आणि त्याच्याही आधीची. मी घास मोठे घेतले.

मग समोरची खुर्ची सरकली. सुनंदाताई "दादा" म्हणत पुढे झाल्या. यांनी ताटली घेतली नाही, बोटांनीच तव्यातली एक फोड उचलली, तोंडाशी नेऊन थांबले, माझ्याकडे बघितलं. मी माझ्या ताटलीत बघत होते. त्यांनी ती तोंडात टाकली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. यांनी फोड चावली, गिळली, थोडा वेळ तसेच बसून राहिले, पोटात काही होतं का बघत असल्यासारखे. मग दुसरी घेतली.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"तुमच्या हाताशी आहे डबा," मी म्हटलं, आणि उठले नाही.